विडंबन आणि धर्मनिंदा : शिवी तीच, गुन्हा कधी?

‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ अशी सुरुवात करून जनाबाई पुढच्याच चरणात विठ्ठलाच्या बायकोला रांडवते आणि त्याच्या पुढच्यात त्याचं मढं उचलते. नाव झाकून हा अभंग आज कुणी मोबाइलवर फिरवला, तर संध्याकाळपर्यंत पोलीस ठाण्यात अर्ज पडेल. नाव दाखवलं तर तोच अर्जदार हात जोडेल. गंमत म्हणून हे सांगत नाही. विडंबन आणि धर्मनिंदा यांतला गोंधळ इथेच सुरू होतो, कारण बहुतेक लोक दोन्हींची पारख शब्दांवरून करतात. शब्द मात्र दोन्हीकडे सारखेच सापडतात.

जनाबाईचा अभंग जरा जवळून पाहा. ‘तुझी रांड रंडकी झाली’ म्हटल्यावर लगेच ‘जन्मसावित्री चुडा ल्याली’ येतं. विधवा झालेली बाई जन्मभराचा चुडा कसा भरेल? म्हणजे शाप दिला आणि त्याच ओळीत तो उलटवला: ज्याला मरण नाही, त्याची बायको रंडकी होणार कशी? ‘तुझें गेलें मढें’ याच्या पाठोपाठ ‘तुला पाहून काळ रडे’. मढं ज्याचं, त्याला पाहून काळच रडतो. प्रत्येक शिवीच्या पोटात स्तुती शिवलेली आहे. जुन्या अलंकारशास्त्रात याला व्याजस्तुती म्हणतात, बोलीत निंदास्तुती. शेवटच्या चरणात ‘उभी राहूनी आंगणीं, शिव्या देत दासी जनी’ असं स्वतःचं नाव, जागा आणि नातं सांगून ती मोकळी होते. दासी आहे, अंगणात आहे, म्हणजे घरातली आहे. तुकोबांच्या ‘माझे लेखी देव मेला’ या अभंगातही हेच नातं आहे. रुसलेल्या माणसाने अबोला धरावा तसा तो अबोला आहे. नास्तिकाचं विधान म्हणून तो वाचणाऱ्याला पुढचं चरण दिसत नाही: गोष्ट करणार नाही, नाव घेणार नाही, आपलं दोघांचं तुटलं. जो नाहीच, त्याच्याशी अबोला कसा धरणार?

निंदास्तुती आणि विडंबन हेही एक नव्हे. निंदास्तुतीत रोख देवावर असतो आणि शेवटी तिथंच माथा टेकलेला असतो. विडंबनात देव बहुतेक वेळा वेषापुरता असतो, चिमटा दुसऱ्याला असतो. याचा सर्वांत चोख नमुना तमाशाची गवळण.

तमाशाची मांडणी ठरलेली आहे: गण, गवळण, बतावणी, वग. गणात गणपतीला वंदन होतं. ते झाल्याशिवाय गवळण नाही. मग मथुरेच्या बाजाराला दूध-दही घेऊन निघालेल्या गौळणी आणि त्यांची मावशी येते. मावशी पुरुषच करतो, पदर दातात धरून. वाटेत कृष्ण आणि पेंद्या आडवे होतात आणि दाण मागतात. ‘दाण’ म्हणजे जकात. इथून मावशी सुटते: कुणाच्या हुकमाने नाका लावलास, पावती देतोस का, परवा दिलं ते कुठं गेलं. प्रेक्षक हसतो तो गावच्या वसुलीवाल्याला, पाटलाला, अलीकडे टोलनाक्याला. कृष्णाच्या अंगावर तो झगा चढवलाय एवढंच. शेवटी कृष्ण ओळख देतो, गौळणी नमतात, पद होतं. नमन, थट्टा, नमन असा हा घाट आहे. गणाशिवाय गवळण सुरू केली किंवा शेवटचं पद कापलं, तर मधली थट्टा तीच राहते पण तिचा तोल जातो. अर्ध्या तासाच्या ‘लोककला’ कार्यक्रमांत वेळ वाचवायला नेमका गणच आखडतात. हे फार वाईट संपादन आहे, आणि कलेपेक्षा सुरक्षिततेच्या दृष्टीने जास्त वाईट.

एकनाथांचा (1533–1599) ‘हिंदू-तुर्क संवाद’ तर आणखी धीट आहे. तिथे वेषांतर नाही. दोन्ही धर्मांची नावं घेऊन उघड टवाळी आहे. तुर्क म्हणतो, तुमचा ब्रह्मा स्वतःच्या मुलीच्या मागे लागला. हिंदू म्हणतो, देव पश्चिमेलाच असतो काय, बाकीच्या दिशा ओस पडल्या? आणि हिंदूला मुसलमान केलं की देव खूश होतो म्हणता, तर त्याला हिंदू जन्माला घालून देवाची चूक झाली काय? दोघे एकमेकांना मूर्ख म्हणतात आणि शेवटी गळाभेट घेतात. पैठणच्या या ब्राह्मणाने दोन्ही पारड्यांत जवळपास सारखं वजन घातलंय, ते मुद्दाम. यातला नुसता तुर्काचा भाग किंवा नुसता हिंदूचा भाग स्वतंत्र वाचून पाहा. अक्षरही न बदलता विडंबनाची चिथावणी होते. धार्मिक विनोद बिघडण्याचं सर्वांत सामान्य कारण हेच, अर्धा उतारा.

आता दुसरी बाजू, धर्मनिंदा. इथे पहिली गैरसमजूत काढून टाकली पाहिजे. भारतीय कायद्यात ‘ईशनिंदा’ नावाचा गुन्हाच नाही. देवाचा अपमान झाला म्हणून इथे कुणाला शिक्षा होत नाही. ती होते माणसांच्या भावना ठरवून दुखावल्याबद्दल. हा फरक शब्दांचा खेळ वाटेल, पण खटला त्यावरच फिरतो. इंग्लंडमध्ये उलट होतं. तिथल्या जुन्या कायद्यात ख्रिस्ती धर्माचीच निंदा गुन्हा होती, आणि 1977 सालच्या एका नियतकालिकावरच्या खटल्यात लेखकाचा हेतू काय होता हे पाहायची गरजच नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने 1979 मध्ये ठरवलं. मजकूर छापायचा हेतू असला की पुरे. तो गुन्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये 2008 मध्ये रद्द झाला. आपल्याकडे मात्र हेतू हाच गुन्ह्याचा कणा.

तो कणा कसा बसला तेही पाहण्यासारखं आहे. 1924 मध्ये लाहोरला पैगंबरांच्या खासगी आयुष्यावर एक निनावी पुस्तिका निघाली. प्रकाशकावर भारतीय दंडविधानाचं 153अ, म्हणजे समाजांत वैर पसरवण्याचं कलम, लावलं. 1927 मध्ये लाहोर हायकोर्टाने त्याला सोडलं: दिवंगत धर्मसंस्थापकावरची टीका, कितीही हीन असली, तरी त्या कलमात बसत नाही. प्रचंड खळबळ उडाली आणि त्याच वर्षी केंद्रीय विधिमंडळाने दंडविधानात 295अ, म्हणजे धर्माचा दुष्ट हेतूने अपमान करण्याचं कलम, आणलं. चर्चेत प्रामाणिक टीकाकार, इतिहासकार, सुधारक यांना संरक्षण राहिलं पाहिजे हा मुद्दा आग्रहाने मांडला गेला. मांडणाऱ्यांत जिनाही होते. म्हणून कलमात ‘जाणूनबुजून’ याच्या जोडीला ‘दुष्ट हेतूने’ हे शब्द आहेत. प्रकाशकाचा 1929 मध्ये खून झाला, कायदा होऊनही.

1957 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवलं, पण त्याची मर्यादाही सांगितली. निष्काळजीपणे किंवा नकळत झालेला अपमान यात येत नाही. अपमानाचं तीव्र रूप, तेही दुष्ट हेतूने केलेलं, एवढंच येतं. 2017 मध्ये महेंद्रसिंग धोनीला विष्णूच्या रूपात दाखवणाऱ्या मासिकाच्या मुखपृष्ठावरचा खटला याच आधारावर रद्द झाला. त्या चित्रात देवाच्या अनेक हातांत जाहिरातींच्या वस्तू होत्या, बूटसुद्धा. भाविकाला ते खटकणं स्वाभाविक होतं. पण चिमटा बाजाराला होता, आणि दुष्ट हेतू दाखवता आला नाही.

दोन कलमांत लोक फार घोळ घालतात, वकीलही घालतात. जुन्या दंडविधानातलं 298 म्हणजे समोरच्या माणसाला ऐकू जाईल किंवा दिसेल अशा रीतीने, त्याच्या धर्मभावना दुखावण्याच्या इराद्याने बोलणं किंवा हावभाव करणं. शिक्षा 1 वर्षापर्यंत, जामीनपात्र, अदखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. जुनं 295अ म्हणजे एखाद्या समाजवर्गाच्या धर्माचा दुष्ट हेतूने अपमान, तोंडी, लेखी किंवा चित्राने. शिक्षा 3 वर्षांपर्यंत, दखलपात्र, अजामीनपात्र. चौकात एकाने दुसऱ्याला त्याच्या देवावरून डिवचलं तर विषय पहिल्याचा. पण तक्रारदाराला अटक हवी असते, म्हणून अर्ज हमखास दुसऱ्याचा पडतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 295अ चं 299 झालं आणि 298 चं 302. हो, तेच 302. पिढ्यान्‌पिढ्या ज्या आकड्याने ‘खून’ ऐकू यायचा, तो आता तोंडाने धर्मभावना दुखावण्याचा आकडा आहे. खून गेला 103 ला. आणि नव्या संहितेतलं 298 म्हणजे जुनं 295, प्रार्थनास्थळ किंवा पवित्र वस्तू विटंबणं. म्हणून जुने निकाल वाचताना आकडा कुठल्या कायद्याचा, हे आधी पाहावं.

त्या 295 वरचा 1958 चा एक निकाल दोन्ही पक्षांना अडचणीत टाकतो. द्रविड चळवळीचे नास्तिक नेते पेरियार यांनी 1953 मध्ये तिरुचिरापल्लीत जाहीर सभेत मातीची गणेशमूर्ती फोडली होती. खालच्या कोर्टांचं म्हणणं, बाजारात मिळणारी माती, पूजा झालेली नाही, पवित्र कशी? सुप्रीम कोर्ट म्हणालं, वस्तू क्षुल्लक असो वा थोर, एखादा वर्ग तिला पवित्र मानत असेल तर ती पवित्र. मात्र इतका काळ लोटल्यावर खटला पुन्हा उभा करण्यात अर्थ नाही म्हणून तो तिथेच थांबवला. तत्त्व भक्तांच्या बाजूने, निकाल पेरियारांच्या.

आता सर्वांत धूसर जागा. काही लेखन विडंबनही नसतं आणि निंदास्तुतीही. ते सरळ उलट बाजूने कथा सांगतं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये दशावतार उलटे वाचले. त्यात वामन कपटी, बळी न्यायी. विनोद बोचरा आहे, पण देवापुढे शेवटी नमन नाही. लोकप्रथेत मात्र हाच उलटा निकाल आधीपासून बसलेला आहे. बलिप्रतिपदेला ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणणाऱ्या बाईने वामनाचा अपमान केला असं कुणाला वाटत नाही. शेतकऱ्याला बळीराजा म्हणणं हा गौरव आहे. गावच्या शिवेवरचा शेंदूर फासलेला म्हसोबा मूळचा महिषासुरच, अशी मांडणी इतिहासकार डी. डी. कोसंबींनी केली, आणि त्याला नैवेद्य दाखवणारं घर नवरात्रात महिषासुरमर्दिनीची आरतीही म्हणतं. कोण देव आणि कोण दैत्य हे जिथे प्रथाच पक्कं ठरवत नाही, तिथे ‘दैत्याची बाजू घेतली म्हणून धर्म बुडाला’ हा आरोप कच्चा आहे. फुल्यांचं लेखन झोंबतं ते भट-पुरोहितांच्या सत्तेला. त्याला धर्मनिंदा म्हणायचं, तर आधी पुरोहितवर्ग म्हणजेच धर्म असं कबूल करावं लागेल.

तेव्हा नाटकाची वा विनोदाची संहिता हातात आल्यावर शब्दांआधी चार गोष्टी तपासाव्यात. हसू कुणावर फुटतं: देवावर, मूर्तीवर, पुजाऱ्यावर, भोंदूवर, की सगळ्या समाजावर? शेवटचा प्रकार घातक. ‘हे लोक असेच’ असं वाक्य आलं की 299 च्या जोडीला 196, म्हणजे जुनं 153अ, हजर होतं. बोलणारं पात्र कोण, आणि त्याला उत्तर देणारं कुणी आहे का? प्रयोग कुठे आणि कधी? यात्रेच्या मांडवात जी गवळण रंगते, ती दुसऱ्या धर्माची मिरवणूक जात असताना चौकात चालणार नाही. आणि पूर्ण प्रयोगातून एखादा तुकडा कापल्यावर काय उरतं? बहुतेक तक्रारी नाटकाविरुद्ध नसतात, तीस सेकंदांच्या क्लिपविरुद्ध असतात.

तक्रार झालीच तर घाईत माफीनाम्यावर सही करू नये. त्यातलं ‘मी जाणूनबुजून’ असं एखादं वाक्य पुढे हेतूचा पुरावा म्हणून समोर येतं. 299 मध्ये शिक्षा 3 वर्षांपर्यंत असल्याने पोलिसांना नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, 173(3) प्रमाणे 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करून मग गुन्हा नोंदवायचा की नाही हे ठरवता येतं. 2025 च्या इम्रान प्रतापगढी निकालात सुप्रीम कोर्टाने अभिव्यक्तीच्या खटल्यांत हाच रस्ता घ्यावा असं सांगितलं. अशी चौकशी मागणारा अर्ज पहिल्याच दिवशी लेखी द्यावा. पुढे कोर्टाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते, ती कलम 217 खाली. ती नसेल तर खटला तिथेच अडतो. हा मुद्दा बचावात अनेकदा उशिरा सुचतो. मोजमाप कुणाच्या नजरेने करायचं, याचं जुनं उत्तर नागपूर हायकोर्टात न्या. व्हिव्हियन बोस यांनी 1940 च्या दशकात दिलं, आणि सुप्रीम कोर्ट ते अजून उद्धृत करतं: समंजस, खंबीर, धीट माणसाच्या नजरेने. प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याच्या नजरेने नव्हे.

आणि चौकशीला जाताना पेन ड्राइव्हमध्ये वादातलं दृश्य नेऊ नका. अख्खा प्रयोग न्या, गणापासून.