शिकाऊ अनुज्ञप्तीवर वाहन चालवण्याचा सराव

वाहन चालवायला शिकणाऱ्या व्यक्तीला सार्वजनिक रस्त्यावर सराव करता यावा म्हणून भारतात शिकाऊ अनुज्ञप्ती दिली जाते. रोजच्या बोलण्यात तिला ‘लर्निंग लायसन्स’ किंवा नुसते ‘लर्निंग’ म्हणतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हे तिचे आधार.

लर्निंग म्हणजे लहान आकाराचे लायसन्स, हा समज घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. अधिनियमाचे कलम ३ सांगते की, लायसन्स असल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवता येणार नाही. शिकणाऱ्याला या कलमातून सूट मिळते ती केंद्रीय नियमांतल्या नियम ३ मुळे, आणि तीही तीन अटींवर: जवळ मुदतीतली शिकाऊ अनुज्ञप्ती हवी, सोबत शिकवणारा हवा आणि गाडीवर पुढेमागे ‘एल’ची पाटी हवी. यातली एक जरी अट सुटली तरी सूट उरत नाही. विनापरवाना चालवण्याला कलम १८१ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

या तिन्हींत सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित अट शिकवणाऱ्याची आहे. कागदावर नाव एकाचे असले तरी हा सराव दोघांनी मिळून करायचा असतो. सोबतच्या माणसाकडे त्याच प्रकारच्या वाहनाचे पक्के लायसन्स हवे. फक्त दुचाकीचे लायसन्स असलेला काका कारमध्ये शेजारी बसला तर अट पुरी होत नाही. शिवाय गाडीवर ताबा घेता येईल किंवा ती थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा, असे नियम म्हणतो. म्हणजे मागच्या सीटवरून सूचना देणारे वडील कायद्याच्या दृष्टीने नुसते प्रवासी ठरतात. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही क्लच आणि ब्रेक असतात. घरच्या गाडीत ते नसतात. तिथे शेजाऱ्याच्या हाताशी असतो तो दोन सीटांमधला हँडब्रेक. जुन्या पद्धतीचा ओढायचा हँडब्रेक असेल तर उजवा हात मांडीवर न ठेवता त्याच्याजवळ ठेवून बसणे, एवढी साधी सवय शिकवणाऱ्याने लावून घ्यायला हवी. बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाडीत ते बटण चालत्या गाडीत कसे काम करते, हे शिकवायला बसण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

शिकवणारा ड्रायव्हिंग स्कूलचाच असावा, अशी सक्ती नाही. पैसे घेऊन शिकवायचे तर मात्र स्कूलचा परवाना लागतो. ब्रिटनमध्ये शिकाऊ चालकासोबत बसणाऱ्याचे वय किमान २१ आणि लायसन्स किमान तीन वर्षे जुने असावे लागते. आपल्या नियमांत स्कूलबाहेरच्या शिकवणाऱ्यासाठी अशी अनुभवाची अट नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. काल लायसन्स हाती आलेला मित्र आज दुसऱ्याला घेऊन रस्त्यावर उतरू शकतो.

‘एल’ची पाटी कशी असावी, हे नियमाने सेंटिमीटरमध्ये सांगितले आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रोमन अक्षर. पाटी किमान १८ सेंमी चौरस. अक्षराची उंची किमान १० सेंमी, जाडी २ सेंमी आणि तळाची रुंदी ९ सेंमी. ए-फोर कागद २१ सेंमी रुंद असल्याने त्यातून एक पाटी सहज निघते. इलेक्ट्रिकच्या कामाच्या लाल टेपची एक पट्टी चिकटवली तर जाडी बहुधा थोडी कमी पडते. दोन पट्ट्या शेजारी लावाव्यात. पाटी मागे आणि पुढे, दोन्हीकडे लागते.

दुचाकीच्या बाबतीत नियम अडखळतो, कारण तो चारचाकी डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्यासारखा आहे. मागे बसलेला शिकवणारा ब्रेकपर्यंत पोचणार कसा, याचे उत्तर त्यात नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे: शिकाऊ दुचाकीस्वाराला मागे शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही बसवता येत नाही. कॉलेजला जाताना मैत्रिणीला डबलसीट नेणे यात बसत नाही. हेल्मेट आणि सीटबेल्टमधून शिकाऊला सवलत नाही.

वयाची अट साधारणपणे १८ वर्षांची. १६ वर्षे पूर्ण झालेल्यांना पालकाच्या लेखी संमतीने ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचे लर्निंग मिळते. पुण्याच्या कायनेटिक इंजिनीअरिंगच्या लुनासारख्या गाड्यांच्या काळात ही तरतूद उपयोगाची होती. आज शाळा-क्लासच्या बाहेर दिसणाऱ्या १०० ते १२५ सीसीच्या स्कूटर तिच्यात बसत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ इथे पालकांनी नीट वाचावे: अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मुलाकडे त्या वाहनाचे वैध लर्निंग किंवा लायसन्स असेल तर पालकाला आणि मालकाला हे कलम लागू होत नाही.

लर्निंगसाठी वाहतूक चिन्हे, नियम आणि अपघातानंतरची कर्तव्ये यांवर छोटी परीक्षा असते. महाराष्ट्रात २०२१ पासून आधारच्या मदतीने ती घरबसल्याही देता येते. मुदत सहा महिन्यांची आणि कलम १३ मुळे ती देशभर चालते; पुण्यात काढलेले लर्निंग बेळगावात चालत नाही, हे खरे नाही. शेताच्या बंदिस्त बांधात, जिथे लोकांना येण्याजाण्याचा हक्क नाही, तिथे कलम ३ लागत नाही. गावातले मोकळे मैदान किंवा बाजारतळ मात्र त्यात धरू नये.

सरावात अपघात झाला तर विमा मिळतच नाही, हीही अफवाच. नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्णसिंग या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, चालकाकडे शिकाऊ अनुज्ञप्ती असली तरी त्रयस्थाला भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर राहते.

पक्क्या लायसन्सची चाचणी लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर देता येते. ड्रायव्हिंग स्कूलच्या अभ्यासक्रमात हलक्या वाहनासाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास धरलेले आहेत. रिव्हर्स, चढावर थांबून पुन्हा निघणे आणि रात्रीचे चालवणे एवढ्यात अंगवळणी पडणे कठीण, म्हणून उरलेले महिने घरच्या माणसासोबत वापरावेत. चाचणीत नापास झाल्यास सात दिवसांनंतर पुन्हा बसता येते. सहा महिने उलटले तर लर्निंग नव्याने काढावे लागते आणि ३० दिवसही पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात.