तंबोऱ्याचा गळा का सुटतो?

जुना तंबोरा लावून ठेवला तरी घटकाभरात उतरू लागतो, तारा दांडीपासून उंच झाल्यासारख्या वाटतात आणि जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा झंकार, बोलेनाशी होते, तेव्हा बहुतेकांचा संशय खुंट्यांवर किंवा तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर जातो. पुष्कळदा दोष असतो तो या दोहोंच्या दरम्यान, दांडी आणि भोपळा जिथे एकमेकांना मिळतात त्या गळ्यात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांना हे दुखणे चांगलेच परिचयाचे आहे. येथील सतार आणि तंबोरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण सांधा ढिला होण्यामागचे पदार्थविज्ञान मात्र फारसे कोणी उलगडून सांगत नाही.

तंबोरा खुंटीला टांगलेला असला, तरी त्याच्या तारा ओढतच असतात. ही ओढ तारेची लांबी, जाडी आणि स्वर यांवरून काढता येते. सुमारे 95 सेंटिमीटर लांबीची आणि 0.3 मिलिमीटर जाडीची पोलादी तार पुरुषी तंबोऱ्यात काळी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) षड्जाला लावली, तर तिच्यावर जवळजवळ 4 किलो वजनाइतका ताण येतो. चारही तारांचा मिळून तो ढोबळमानाने 12 ते 15 किलो भरतो. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तोच तंबोरा काळी दोनला चढवला, की ओढ सव्वापट होते. पाहुण्या गायकाच्या पट्टीसाठी वाद्य चढवताना हा हिशेब सहसा कोणी करत नाही. शिवाय तारा दांडीच्या वरून जात असल्यामुळे त्यांची ओढ सांध्याला केवळ दाबत नाही, तर दांडीला पुढे वाकवू पाहते. परिणामी सांधा तबकडीच्या (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाच्या) बाजूला आवळला जातो आणि पाठीमागच्या बाजूला उघडू लागतो. म्हणून फट शोधायची ती पाठीमागे.

एवढ्या ओढीने चांगला सांधा एका दिवसात सुटत नाही. त्याला हवेची साथ लागते. लाकूड हवेतील ओलावा शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, पण ही हालचाल लाकडाच्या रेषांच्या (तंतूंच्या) दिशेने नगण्य आणि रेषांना आडवी मात्र कित्येक पटींनी अधिक असते. दांडी, गळ्याचा ठोकळा आणि पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणाऱ्या भोपळ्याचे कवच या तिघांची चाल सारखी नसते. एप्रिल-मेमधल्या कोरड्या उन्हात आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ही तफावत वर्षानुवर्षे सांधा चिकटवणाऱ्या सरसाच्या पातळ थरावर येते. सरस ओलाव्याने मऊ पडतो, फार कोरडा झाला की ठिसूळ होतो आणि त्याला सूक्ष्म तडे जातात.

दुरुस्तीचे पहिले काम म्हणजे सर्व तारा थोड्या थोड्या करून सैल करणे. मग पाठीमागच्या रेघेत पातळ कागदाची पट्टी सरकवून पाहावी. ती आत जात असेल आणि दांडी हलक्या हाताने दाबल्यावर बारीक करकर ऐकू येत असेल, तर निदान पक्के. सांधा उघडल्यावर आत जुना सरस गुळाच्या रंगाच्या चकचकीत खपल्यांसारखा दिसतो आणि नखाने टोकरला तर तडकून उडतो. कोमट पाण्याने पिळलेल्या फडक्याने तो मऊ करून खरवडता येतो. मात्र पाणी बेताचेच हवे, नाहीतर तबकडीचा सांधाही सुटू लागतो. गरम हवेचा झोत किंवा ज्योत वापरणे धोक्याचे आहे, कारण जुन्या वाद्यांवरची नक्षी बऱ्याचदा सेल्युलॉइडची असते आणि तो पदार्थ झटकन पेट घेतो.

सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांतील कोलॅजेन या प्रथिनापासून केलेला डिंक. तो साधारण 60 अंश सेल्सिअसवर पातळ करून लावतात. उकळला तर त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि पकड कमी होते. तो उष्णता व ओलाव्याने पुन्हा सुटतो, हाच माझ्या मते त्याचा मोठा गुण आहे, कारण पुढच्या पिढीतल्या कारागिरालाही हा सांधा लाकूड न फोडता उघडता आला पाहिजे. पांढरा फेव्हिकॉल सोयीचा असला, तरी सततच्या ताणाखाली त्याचा थर हळूहळू सरकत राहतो आणि त्याचे अवशेष राहिले, तर वर लावलेला नवा सरस नीट धरत नाही. फटीत वरूनच एपॉक्सी भरणे ही तर दुरुस्ती नव्हेच. लाकडाचा आडवा छेद सरस पिऊन टाकतो, म्हणून तेथे आधी पातळ सरसाचा एक हात देऊन मग दाट हात द्यावा. भोपळ्याचे कवच शिकंज्याचा दाब सोसत नाही. त्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या, तर दाब सर्व बाजूंनी सारखा बसतो. निदान एक पूर्ण दिवस वाद्याला हात लावू नये आणि त्यानंतरही तारा काही दिवसांत टप्प्याटप्प्याने चढवाव्यात.

जवारी काढायची, म्हणजे घोडीचा माथा घासून झंकार जुळवायचा, तो या सगळ्यानंतर. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये तंबोऱ्याच्या घोडीचा अभ्यास मांडला होता. तार जिथे छेडली जाते, तिथे ज्यांचा निस्पंद बिंदू (न हलणारा बिंदू) येतो ते उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, नियमानुसार ऐकू यायला नकोत. तंबोऱ्यात मात्र ते ठळक उमटतात, आणि याचे मूळ त्यांनी तारेच्या घोडीच्या वक्र पृष्ठाशी होणाऱ्या संपर्कात दाखवले. गळा किंचित उघडला तरी तारेचा घोडीवरचा कोन बदलतो आणि हा संपर्क बिघडतो. ढिल्या गळ्यावर जवारी घासून घेतली, तर गळा बसवल्यावर ती पुन्हा काढावी लागते आणि तेवढी घोडी विनाकारण झिजते.