टीन चॉइस की किड्स चॉइस? सर्फबोर्डवाला कुठला आणि स्लाइमवाला कुठला

इन्स्टावर जुन्या क्लिप्स फिरत असतात बघा, कुणीतरी गायक स्वतःपेक्षा उंच सर्फबोर्ड कसाबसा सावरत थँक्यू थँक्यू करतोय आणि खाली कॅप्शन 'किड्स चॉइस अवॉर्ड्स'. चूक. सर्फबोर्ड दिसला की टीन चॉइस अवॉर्ड्स, आणि डोक्यावर बदाबदा हिरवा चिकट राडा पडला किंवा हातात नारिंगी ब्लिम्प (छोट्या हवाई जहाजाच्या आकाराची ट्रॉफी) असला की किड्स चॉइस. निम्मा घोळ इथेच मिटतो.

घोळ होतो त्याला कारणंही आहेत म्हणा. दोन्ही शो अमेरिकेतले, दोन्हीकडे फॅन्सच्या मतांवर कारभार, आणि चेहरे तर बऱ्याचदा तेच तेच, मायली सायरस काय, सेलेना गोमेझ काय, जस्टिन बीबर काय. सेलेनाची तर गंमतच, ती डिस्नी चॅनलची स्टार पण किड्स चॉइस हा निकलोडियनचा कार्यक्रम, म्हणजे समोरच्या दुकानाचा, आणि तिथे २००९ पासून सलग पाच वर्षं आवडती टीव्ही अभिनेत्री हीच! पोरांना चॅनलची भांडणं काय माहीत, त्यांना जी आवडते ती आवडते.

वयाने थोरला किड्स चॉइस. १९८७ मध्ये 'द बिग बॅलट' नावाने सुरू झाला, पुढच्या वर्षी आत्ताचं नाव मिळालं. तो जो नारिंगी ब्लिम्प देतात, तो नुसता शोभेचा नाही, त्यातून बघितलं तर आत कॅलिडोस्कोप आहे. आणि स्लाइम, म्हणजे तो हिरवा चिकट राडा, आलं एका जुन्या कॅनेडियन शोमधून, तिथे कुणी 'मला माहीत नाही' म्हणालं रे म्हणालं की वरून हिरवं धबाक. निकलोडियनने, म्हणजे निकने, ते उचललं आणि चॅनलची ओळखच करून टाकली. आता परिस्थिती अशी आहे की अवॉर्ड कुणाला मिळालं हे दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही, पण स्लाइम कुणावर पडलं ते मात्र सगळ्यांना आठवतं. हॉलिवूड अभिनेत्री कॅमेरून डियाझने इथे ढेकर देण्याचा किताब जिंकलाय, यावरून एकूण वातावरणाचा अंदाज घ्या. तरी अधूनमधून काहीतरी बरं घडतंच, २०१५ ला अँजेलिना जोली 'मॅलेफिसंट' सिनेमासाठी बेस्ट व्हिलनचं अवॉर्ड घ्यायला आली आणि पोरांना सांगून गेली की वेगळं असणं चांगलं असतं.

टीन चॉइस बराच नंतरचा, १९९९ चा, फॉक्स चॅनलवर. मतदार १३ ते १९ वयाचे, म्हणजे शाळेच्या शेवटापासून कॉलेजच्या सुरुवातीपर्यंतची गँग. शो बहुतेक वेळा ऑगस्टमध्ये, तिकडची उन्हाळ्याची सुट्टी संपत आलेली असायची तेव्हा, आणि म्हणूनच ट्रॉफी सर्फबोर्ड: उन्हाळ्यातला मोकळेपणा, असा त्याचा अर्थ. कॅटेगऱ्याही वयाला शोभतील अशाच, चॉइस हॉटी, चॉइस लिपलॉक, चॉइस व्हिलन. २००९ ला 'ट्वायलाइट' सिनेमाने तर नुसते बोर्ड गोळा केले.

आता खरा फरक, आणि मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो हाच. टीन चॉइसचा सगळा रुबाब 'तुम्ही ठरवणार' यावर होता, पोरंपोरी रात्र रात्र जागून हॅशटॅग टाकत बसायची, एकच माणूस रोज परत परत मत देऊ शकायचा त्यामुळे फॅन क्लब्जचं अक्षरशः निवडणुकीसारखं बूथ मॅनेजमेंट चालायचं, आणि नियमांच्या बारीक अक्षरात मात्र लिहिलेलं की सर्वात जास्त मतं मिळालेल्या चार जणांतून विजेता निवडायचा हक्क आयोजकांकडे राखीव आहे. म्हणजे पहिल्या नंबरला जास्त मतं पडली तरी बोर्ड चौथ्याला जाऊ शकतो! २०१४ ला यावरून जाम राडा झाला. वाइन (Vine) या छोट्या व्हिडिओंच्या ॲपवर फेमस झालेल्या कॅमेरॉन डॅलस आणि मॅथ्यू एस्पिनोसा या पोरांनी ट्विटरवर म्हटलं की मतदान संपायच्या आधीच विजेते ठरले होते. मग काय, 'टीन्सना चॉइसच नाही' अशा अर्थाचा हॅशटॅग ट्रेंड झाला आणि त्याच शोसाठी महिनाभर मतं मागणारे फॅन्स त्याच्यावरच तुटून पडले.

किड्स चॉइसला असला राग सहसा ओढवत नाही, कारण माझ्या मते तिथे कुणी फार गंभीर आव आणतच नाही. तोही शेवटी चॅनलची जाहिरातच आहे, निकचेच शो, निकचेच चेहरे पुढे पुढे, पण आठ वर्षांच्या पोराला मतांची टक्केवारी नको असते, त्याला मोठा माणूस हिरवा झालेला बघायचा असतो, आणि ते त्याला दरवेळी मिळतं. सोळा वर्षांच्या मुलीचं तसं नाही, तिला आपलं मत मोजलं जावं असं वाटतं, आणि नेमकं तिलाच चार नावांचा नियम. (अर्थात तिने नियम वाचले नव्हते हेही खरं, पण आपण तरी ॲप टाकताना कुठे वाचतो.)

आपल्याकडे यातला एकच आला, किड्स चॉइस. निकलोडियनने २०१३ मध्ये मुंबईत त्याची भारतीय आवृत्ती केली, बॉलिवूडवाले वगैरे घेऊन. टीन चॉइस इकडे फक्त क्लिप्समधून पोचला.

आणि हो, टीन चॉइस आता होत नाही. शेवटचा २०१९ च्या ऑगस्टमध्ये, कॅलिफोर्नियात हर्मोसा बीचवर, निदान सर्फबोर्डला साजेशा जागी तरी. २०२० ला कोविडमुळे रद्द झाला आणि नंतर परत आलाच नाही. किड्स चॉइस २०२५ लाही झालाय. त्यामुळे कुणी ग्रुपवर 'टीन चॉइस २०२४ विनर्स लिस्ट' टाकली आणि खाली व्होटिंगची लिंक दिली तर क्लिक करू नका, सरळ डिलीट मारा.