जुनटीन्थच्या मागची दहा एकर जमीन

अमेरिकेत १९ जूनला जुनटीन्थची, म्हणजे गुलाममुक्तीच्या सणाची, राष्ट्रीय सुटी असते. सुटी २०२१ मधली, सण मात्र दीडशे वर्षांहून जुना. तो जिवंत ठेवला टेक्सासच्या काळ्या वस्त्यांनी, आणि त्यात ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डमधल्या एका मैदानाचा वाटा मोठा आहे.

लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३चा. तेव्हा गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत यादवी युद्ध चालू होतं. दक्षिणेतल्या टेक्सासवर उत्तरेच्या सैन्याचा ताबा नव्हता, त्यामुळे तिथे तो कागदावरच राहिला. १९ जून १८६५ला उत्तरेचे जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी गॅल्व्हेस्टन बंदरात हुकूम क्रमांक ३ काढला, तेव्हा राज्यात सुमारे अडीच लाख गुलाम होते. हुकमाची भाषा मासलेवाईक आहे. सगळे गुलाम मुक्त, हक्क मालकाच्या बरोबरीचे; पण आहात तिथेच गुमान राहा, मजुरीवर कामं करा, बसून खायला मिळणार नाही. जन्मभर फुकट राबलेल्यांना हा उपदेश!

पुढच्या वर्षापासून लोक हा दिवस साजरा करू लागले. प्रार्थना, गाणी, भाजलेलं मांस, लाल सरबत. अडचण एकच, जागेची. सार्वजनिक ठिकाणी काळ्यांना सहसा थारा नसे. मग १८७२ मध्ये ह्यूस्टनच्या लोकांनी वर्गणी काढून चक्क दहा एकर जमीन विकत घेतली. पुढाकार रेव्हरंड जॅक येट्स, रिचर्ड ॲलन, रिचर्ड ब्रॉक आणि इलायस डिबल यांचा. चौघेही एकेकाळचे गुलाम. सातच वर्षांपूर्वी सुटलेल्या, हातावर पोट असलेल्या माणसांनी हा पैसा उभा केला. नाव ठेवलं इमॅन्सिपेशन पार्क, म्हणजे मुक्तीची बाग. (पुढच्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली, तीही गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना.)

पुढे बाग शहराकडे गेली. १९२२ ते १९४० या काळात ह्यूस्टनमधली काळ्यांना खुली असलेली ती एकमेव सार्वजनिक बाग होती. वर्णभेदाचे कायदे गेले, माणसं पांगली, बागेला अवकळा आली. ह्यूस्टनचेच आमदार अल एडवर्ड्स यांनी १९७९ मध्ये विधेयक मंजूर करून घेतलं आणि १९८०पासून टेक्सासात राज्याची सुटी सुरू झाली. बागेचा जीर्णोद्धार व्हायला मात्र २०१७ उजाडलं. खर्च तीन कोटी डॉलरच्या वर. शेजारच्या रस्त्याला तोवर डिक डाउलिंगचं नाव होतं, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या फौजेतल्या अधिकाऱ्याचं. त्याच वर्षी ते बदलून इमॅन्सिपेशन ॲव्हेन्यू झालं.