माशाच्या हृदयाचा ब्रेक

‘व्हेगस रीसेट करा, ताण विसरा’ अशी रील हल्ली दर दोन मिनिटांनी समोर येते. हा मज्जातंतू म्हणजे जणू मोबाइलचं बटण! तो खरोखर काय करतो ते पाहायचं तर माशाकडे जावं.

माशाचं हृदय साधं असतं. रक्त घेणारा एक कप्पा (अलिंद), ते ढकलणारा एक (निलय). रक्त आधी कल्ल्यांत जातं, तिथून शरीरभर. त्याची लय त्याची स्वतःची. शरीराबाहेर काढलं तरी ते काही वेळ धडधडत राहतं. म्हणजे मेंदू हृदय चालवत नाही, आवरतो. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंतला दहावा, व्हेगस, हृदयापाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन सोडतो आणि ठोके मंदावतात. शार्कच्या हृदयाला तर वेग वाढवणारे सिंपथेटिक तंतू मिळालेलेच नाहीत. ठोके वाढवायचे तर ब्रेक सैल करायचा, बस्स.

खरी गंमत पुढे आहे. कल्ल्यांवरून पाणी खेळवणाऱ्या स्नायूंना पाचव्या, सातव्या, नवव्या आणि दहाव्या मज्जातंतूंकडून हुकूम येतात, आणि श्वासाची ही लय मस्तिष्कपुच्छात, म्हणजे मेंदूच्या अगदी मागच्या भागात, तयार होते. हृदयाला आवरणाऱ्या व्हेगसच्या पेशीही तिथल्याच, अगदी शेजारच्या. त्यामुळे डॉगफिश या छोट्या शार्कमध्ये व्हेगसचे काही तंतू श्वासागणिक संदेशांचा झुबका सोडतात आणि शांत असताना हृदयाचे ठोके श्वासाशी जुळतात. दुसरे काही तंतू श्वासाची पर्वा न करता अधूनमधून संदेश पाठवत राहतात.

ही जुळणी कशाला? लिटरभर हवेत लिटरभर पाण्याच्या सुमारे तीसपट ऑक्सिजन असतो. पाणी जडही फार. इतक्या कष्टानं ओढलेलं पाणी कल्ल्यांवरून जाताना रक्तही हजर असलेलं बरं, असा तर्क.

पाण्यातला ऑक्सिजन घटला की माशाची छाती धडधडत असेल असं वाटतं. बहुतेक माशांत होतं उलट! कल्ल्यांतल्या संवेदी पेशी मेंदूला खबर देतात, व्हेगस ब्रेक दाबतो, ठोके कमी होतात. पण दर ठोक्याला रक्त जास्त ढकललं जातं. ॲट्रोपीन हे औषध देऊन व्हेगसचा परिणाम रोखला की हे मंदावणं नाहीसं होतं.

आपणही श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना उतरतात. मनगटावर बोट ठेवून पाहा. ही व्यवस्था फक्त सस्तन प्राण्यांची, असं सांगणारा पॉलीव्हेगल सिद्धांत या रीलवाल्यांचा लाडका. 2018 मध्ये तीच जुळणी, वेगवान व्हेगस तंतूंसकट, फुप्फुसमाशात सापडली.