डाटिव्हच्या पोटात चार विभक्त्या

2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यासोबत कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, आणि तेव्हापासून लातूर-नांदेडकडं माझ्या ओळखीतलीच तीन-चार लेकरं जर्मनच्या मागं लागलीत. नर्सिंगवाली, आयटीआयवाली. प्रत्येकाचं घोडं एकाच जागी अडतंय: नामाच्या आधी लागणारे डेअर, डेन, डेम (इंग्रजीतल्या 'द'सारखे शब्द) कुठं काय लावायचं? क्लासमध्ये सांगतात तक्ता पाठ करा. तक्ता पाठ होतो बी, पण 'मिट' (म्हणजे सोबत, नं) या शब्दानंतर डाटिव्हच (म्हणजे जर्मनची चतुर्थी) का येतो हे तक्त्यात थोडंच लिहिलेलं असतंय.

ते कळायला जरा मागं जावं लागतं. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच मुळाच्या असाव्यात असं विल्यम जोन्स हा इंग्रज न्यायाधीश 1786 मध्ये कलकत्त्यात बोलला, आणि 1816 मध्ये फ्रान्झ बॉप या जर्मन माणसानं संस्कृतची क्रियापदं ग्रीक, लॅटिन, फारसी, जर्मनच्या शेजारी ठेवून ते नातं नीट मांडून दाखवलं. त्या मूळ भाषेत संबोधन धरून आठ विभक्त्या होत्या असं मानतात. संस्कृतनं आठही सांभाळल्या, जर्मनकडं उरल्या चार. मग बाकीच्या गेल्या कुठं? बऱ्याचशा डाटिव्हच्या पोटात गेल्या.

म्हणजे बघा, 'मिट डेम बुस' म्हणजे बसनं, ही आपली तृतीया. 'आउस डेम हाउस' म्हणजे घरातून, पंचमी. 'इन डेअर श्टाट' म्हणजे शहरात, सप्तमी. आणि कुणाला काही दिलं की खरी चतुर्थी. चौघी एकाच घरात राहायला आल्या आणि घरावर पाटी लागली डाटिव्हची. शाळेत संस्कृत घेतलेल्याला तर अजून एक गोष्ट फुकटात मिळते, ग्रामं गच्छति (द्वितीया) आणि ग्रामे वसति (सप्तमी) हे आठवत असेल तर जर्मनमध्ये पण शहरात जाताना अक्कुझाटिव्ह (म्हणजे द्वितीया) 'इन डी श्टाट' आणि शहरात राहताना डाटिव्ह 'इन डेअर श्टाट' का, हे वेगळं समजवावं लागत नाही.

विभक्त्या एकत्र आल्या त्याचं एक मोठं कारण उच्चारात आहे. जर्मन घराण्यातल्या भाषांनी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर द्यायची सवय लावून घेतली, मग शेवटाकडं तोंड ढिलं पडलं आणि प्रत्यय झिजत गेले. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जर्मनमध्ये दिवस म्हणजे 'टाग', दिवसाचा 'टागेस', दिवसाला 'टागे', आणि तृतीयेचं 'टागु' असं वेगळं रूप सुद्धा होतं. 1050 नंतर या शेवटच्या अ, इ, ओ, उ सगळ्यांचा एकच मिळमिळीत 'ए' होत गेला. 'टागु' मेलं, पण आजच्या 'हॉयटे' म्हणजे 'आज' या शब्दात ते लपून बसलंय ('हिउ टागु', या दिवशी). नामाचा शेवट असा बोडका झाल्यावर विभक्ती दाखवायचं ओझं पुढच्या डेअर-डेन-डेमवर आलं, जे मुळात 'तो, ती, ते' सारखे दर्शक शब्द होते.

आता आपली गोची. आपल्याकडं 'ला' सगळीकडं चालतो, पोराला बघितलं, पोराला पैसे दिले, लातूरला चाललो, लातूरला राहतो. आपल्या दखनी हिंदी-उर्दूत बी तेच, 'मेरेकू' म्हणजे मला. त्यामुळं अक्कुझाटिव्ह आणि डाटिव्ह आपल्या कानाला एकच वाटतात, आणि 'तुला विचारतो' (डिश, अक्कुझाटिव्ह) आणि 'तुला मदत करतो' (डिअर, डाटिव्ह) यात हमखास मार्क जातात. 'फ्युअर' म्हणजे साठी, त्याला तरी चतुर्थी असायला पाहिजे ना, तर तिथं अक्कुझाटिव्ह! तेवढं मुकाट्यानं पाठच करायचं. पण 'मिअर इस्ट काल्ट' आपल्या पोरांना पहिल्याच दिवशी जमतं, कारण 'मला थंडी वाजायली' हे आपण तसंच म्हणतो, आणि 'मला आवडतं' सुद्धा तिकडं डाटिव्हनंच होतं.

गेनिटिव्ह म्हणजे षष्ठी, ती बी आता उतरणीला लागलीय. पूर्वी 'विसरणे' या क्रियापदाला षष्ठी लागायची, ती आता 'फेरगिसमाइननिश्त' या निळ्या फुलाच्या नावात तेवढी उरली, अर्थ 'मला विसरू नको', त्यातलं 'माइन' म्हणजे जुनी षष्ठी. पावसामुळं म्हणायला पुस्तकात 'वेगन डेस रेगन्स' आहे आणि बोलताना लोक सर्रास 'वेगन डेम रेगन' म्हणतात, म्हणजे डाटिव्ह अजून खातोच आहे. परीक्षेच्या पेपरात मात्र डेसच लिहा.