भूरूप-मापन, कमी खर्चाचे : डीईएम व ड्रोन (खानदेश)

अवकाशातून टिपलेली मोफत उंचीची आकडेवारी आणि हलक्या ड्रोनने काढलेली छायाचित्रे वापरून जमिनीचे चढउतार, नाले व पाणलोट नकाशावर आणण्याची पद्धत. उंचीच्या आकडेवारीला अंकीय उंची-प्रतिमान किंवा रोजच्या बोलण्यात ‘डीईएम’ म्हणतात. जमिनीवर सारख्या मापाचे चौकोन कल्पून प्रत्येक चौकोनाला उंचीचा एक आकडा दिला, की डीईएम तयार होते. पूर्वी या कामाला थिओडोलाइट, डंपी लेव्हल, साखळी धरणारी माणसे आणि एखादा हिवाळा लागे. आज बराचसा भाग लॅपटॉपवर क्यूजीआयएससारख्या नकाशे करण्याच्या मोफत संगणक-प्रणालीत होतो. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात अस्तंभ्याचा सुमारे 1,325 मीटर उंचीचा डोंगर आहे आणि तापीकाठची ताटासारखी सपाट काळी जमीनही आहे. त्यामुळे या पद्धतीचे गुण आणि दोष दोन्ही येथे एका दिवसाच्या प्रवासात पाहायला मिळतात.

सर्वांत जास्त वापरले जाणारे डीईएम म्हणजे एसआरटीएम. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने अकरा दिवसांच्या फेरीत रडारने ही मोजणी केली. आधी भारतासाठी सुमारे 90 मीटरचे चौकोन मिळत. 30 मीटरची आकडेवारी 2014 नंतर टप्प्याटप्प्याने खुली झाली. या चौकोनाचे माप मीटरांत नव्हे, अंशात्मक, म्हणजे एक विकला (अंशाचा 3,600 वा भाग) असते. 21 अंश अक्षवृत्तावर, म्हणजे जळगाव-नंदुरबारच्या पट्ट्यात, तो चौकोन दक्षिणोत्तर सुमारे 30.9 मीटर आणि पूर्वपश्चिम 28.8 मीटर भरतो. उताराचे गणित करण्याआधी आकडेवारी मीटरांत मोजणाऱ्या यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या 43 उत्तर या पट्ट्यात आणावी लागते, ती यासाठी. सगळा खानदेश याच एका पट्ट्यात बसतो, हे येथील काम करणाऱ्यांचे नशीब. 5 मे 2005 रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-1 या भारतीय उपग्रहाने पुढे 26 अंश व मागे 5 अंश कललेल्या दोन कॅमेऱ्यांनी एकच जागा दोनदा टिपली. त्या जोडचित्रांतून झालेले कार्टोडीईएम इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर मिळते. 2011 ते 2015 दरम्यानच्या रडार-मोजणीवर आधारलेले युरोपचे कोपर्निकस डीईएमही मोफत आहे. ते एसआरटीएमपेक्षा स्वच्छ दिसते आणि नव्याने काम सुरू करणाऱ्याने तेच आधी उघडावे.

सातपुड्यात ही आकडेवारी चांगली चालते. तोरणमाळचे पठार, त्याच्या कडा, अनेर व गोमाई यांची वरच्या बाजूची खोरी छायाप्रकाशाच्या नकाशावर, म्हणजे हिलशेडवर, लगेच उठून दिसतात. धुळे-नंदुरबार भागातील डाईक पाहण्यासाठी तर याहून स्वस्त साधन नाही. बेसॉल्टच्या भेगांत वर चढून गोठलेल्या लाव्ह्याच्या या भिंती शेजारचा खडक झिजल्यावर उघड्या पडल्या. साक्री, धुळे व नंदुरबार तालुक्यांत त्या लांबच लांब अरुंद डोंगररांगांसारख्या दिसतात आणि त्यांची दिशा बहुतांशी पूर्व-पश्चिम आहे. हिलशेडमध्ये उजेड वायव्येकडून, 315 अंशांवरून पडतो, असे संगणक गृहीत धरतो. तो बदलून थेट उत्तरेकडून घेतला, की पूर्व-पश्चिम भिंतींची सावली लांब पडते आणि एरवी नजरेतून सुटणारे डाईकही सापडतात. भूजलासाठी याला महत्त्व आहे. अखंड डाईक जमिनीखालच्या पाण्याला आडवी भिंत होतो, तर भेगाळलेला डाईक त्याला वाट देतो. एकाच शिवारात भिंतीच्या अलीकडच्या विहिरीला पाणी आणि पलीकडची कोरडी, असा प्रकार त्यामुळे घडतो. अर्थात डाईक अखंड आहे की भेगाळलेला, हे डीईएम सांगत नाही. त्यासाठी हातोडी घेऊन जागेवर जावे लागते.

डोंगर उतरून तापीकाठी आले, की हाच 30 मीटरचा चौकोन फसवू लागतो. समजा, जमिनीला किलोमीटरमागे एक मीटर उतार आहे. मग शेजारच्या दोन चौकोनांतला खरा फरक जेमतेम तीन सेंटिमीटर. एसआरटीएमची उंची मात्र पूर्ण मीटरांत लिहिलेली असते आणि तिच्यातली चूक कित्येक मीटरांची असू शकते. म्हणजे उतार तीन सेंटिमीटरचा आणि गोंगाट तीन मीटरचा. अशा आकडेवारीवरून पाणी कुठे वाहते असे संगणकाला विचारले, तर तो सपाट रानात नसलेले खड्डे शोधतो, ते बुजवतो आणि वर सरळ रेषेत, पट्टीने आखल्यासारखे नाले काढून देतो. नकाशावर असे शिस्तशीर समांतर नाले दिसले, की ते खोटे समजावेत. काळ्या रानात पाणी असे कवायत करत नाही. उलट तापीच्या गाळात पडलेल्या खऱ्या घळी मात्र पुसट होतात. उभ्या कडांची आणि दहा-पंधरा मीटर रुंदीची घळ 30 मीटरच्या चौकोनात मावतच नाही. तिचा तळ आणि काठ यांची सरासरी होऊन उथळ खळगा तेवढा उरतो.

भराव हा आणखी एक घोटाळा. भुसावळ-सुरत लोहमार्ग आणि महामार्गांचे भराव वरून अखंड दिसतात, त्यांच्याखालच्या मोऱ्या दिसत नाहीत. संगणकाच्या लेखी तो भराव म्हणजे धरणच. नाला भरावाला येऊन धडकतो आणि त्याच्या कडेकडेने चालू लागतो. उपाय साधा आहे : जागेवर जाऊन मोऱ्या नोंदवायच्या आणि त्या ठिकाणी डीईएममध्ये भराव कापायचा. बारकाईच्या डीईएममध्ये ही अडचण कमी होण्याऐवजी वाढते. ड्रोनच्या प्रतिमानात शेताचा बांधही धरण होऊन बसतो.

ड्रोनचे काम निराळ्या तत्त्वावर चालते. ठरावीक उंचीवरून, पुढेमागे व आजूबाजूला 70 ते 80 टक्के एकमेकांवर चढतील अशी शेकडो छायाचित्रे घेतली जातात. एकच दगड पाच-सहा चित्रांत वेगवेगळ्या कोनांतून दिसतो आणि त्यावरून त्याची जागा व उंची काढता येते. एक इंची संवेदकाच्या, 20 मेगापिक्सेलच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने 100 मीटरवरून घेतलेल्या चित्रात एक ठिपका जमिनीवरचे सुमारे 2.7 सेंटिमीटर व्यापतो. ओपनड्रोनमॅपसारख्या मोफत प्रणालीने ही चित्रे जोडता येतात. लागतो तो भरपूर स्मृती असलेला संगणक आणि धीर.

मात्र कॅमेरा जमीन पाहत नाही, वरचा पृष्ठभाग पाहतो. रावेर-यावल पट्ट्यात याची चांगलीच प्रचिती येते. तीन-चार मीटर वाढलेल्या केळीच्या बागेवरून ड्रोन उडवला, तर नकाशावर तेवढ्याच उंचीचे, उभ्या काठांचे हिरवे पठार तयार होते. पानांतून जमीन दिसतच नसल्याने संगणकाकडून बाग ‘काढून टाकणे’ म्हणजे निव्वळ अंदाज असतो. अशा ठिकाणी सऱ्या, रस्ते व नुकत्याच कापलेल्या बागांच्या मोकळ्या जागा यांवरून उंची घेणे बरे. कापसाच्या रानात मात्र पऱ्हाट्या उपटल्यानंतर, मार्च ते मे या काळात, जमीन उघडी मिळते. तोच काळ भुसावळच्या उन्हाचाही आहे. दुपारी बॅटऱ्या तापतात, वारा सुटतो. पहाटे सावल्या फार लांब पडतात. सकाळी साडेआठ ते अकरा हा त्यातल्या त्यात शहाणा वेळ.

नुसत्या ड्रोनच्या जीपीएसवर विसंबले, तर नकाशा दिसायला सुंदर आणि उंचीला दोन-चार मीटर चुकलेला मिळतो. सपाट रान मधोमध फुगलेल्या परातीसारखे दिसू लागते. म्हणून जमिनीवर खुणा करून त्यांची उंची अचूक साधनाने घेतात. यासाठी चुन्याची फुली स्वस्त पडते, पण शेळ्यांचा कळप एकदा तिच्यावरून गेला की संपले. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या खिळ्यांनी ठोकून वर रंगाची फुली मारलेली टिकते. उंची कोणत्या शून्यापासून, हाही प्रश्न असतो. उपग्रह-ग्राहक (जीपीएस यंत्र) पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून उंची देतो, तर स्थलदर्शक नकाशे समुद्रसपाटीपासून. खानदेशात या दोहोंत पन्नास मीटरांहून अधिक फरक आहे. जळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 209 मीटरांवर असताना ग्राहकाने दीडशेच्या आसपासचा आकडा दाखवला, तर यंत्र बिघडलेले नसते.

पाणलोटाच्या कामात या दोन साधनांची वाटणी आपोआप होते. ‘माथा ते पायथा’ असा आराखडा करताना पाणलोटाची सीमा व नाल्यांची उतरंड मोफत डीईएमवरून काढतात. सलग समतल चरांची आखणी मात्र ड्रोनच्या नकाशावरून किंवा सरळ ए-फ्रेम (ओळंबा लावलेली ‘A’ आकाराची चौकट) व पाण्याच्या नळीने करतात. डोंगराच्या एका पट्ट्यापुरते काम असेल, तर नळी अजूनही ड्रोनला भारी आहे. शिरपूर पॅटर्नमध्ये नाले रुंद व खोल करून त्यांवर बंधारे घातले जातात. तेथे खोदाईच्या आधी व नंतर उड्डाण करून दोन प्रतिमानांची वजाबाकी केली, की किती माती निघाली ते कळते. गिरणेच्या पात्रातील वाळूचा उपसाही असाच मोजता येतो. इथे हिशेब ब्रासमध्ये होतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, साधारण 2.83 घनमीटर. एक हेक्टर पात्रात उंची सरसकट पाच सेंटिमीटर जरी चुकली, तरी 500 घनमीटरचा, म्हणजे पावणेदोनशे ब्रासहून जास्त फरक पडतो. त्यामुळे दोन्ही उड्डाणांना त्याच पक्क्या खुणा वापरल्या नसतील, तर त्या वजाबाकीवर दंडाची नोटीस काढू नये. शिवाय पात्रात पाणी असेल, तर त्याखालचा खड्डा कॅमेऱ्याला दिसत नाही.

ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतचे ड्रोन नॅनो, दोन किलोपर्यंतचे मायक्रो आणि 25 किलोपर्यंतचे स्मॉल गटात येतात. नकाशावर ड्रोनसाठी मोकळ्या दाखवलेल्या हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत उड्डाणाला वेगळी परवानगी लागत नाही. जळगावच्या विमानतळाभोवती व संरक्षण आस्थापनांजवळ ती मोकळीक गृहीत धरू नये, आधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाचा उड्डाणक्षेत्रांचा नकाशा पाहावा. केंद्र सरकारच्या भूस्थानिक माहितीविषयक फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांना नकाशे करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगी काढून टाकली.

डीईएमला तारीख असते, हे अनेकदा विसरले जाते. एसआरटीएमची मोजणी झाली तेव्हा सरदार सरोवराची भिंत नव्वद मीटरांच्या आत होती, जलाशय 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीला 2019 मध्ये पोहोचला. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठचे जे उतार आज पाण्याखाली आहेत, त्यांतले बरेचसे त्या जुन्या, ओबडधोबड आकडेवारीत उघडे दिसतात. उकाईचे मात्र तसे नाही. तो जलाशय 2000 च्या आधीच भरलेला असल्याने नवापूर-नंदुरबारकडचा त्याचा फुगवटा एसआरटीएममध्ये सपाट पाटीसारखा आहे. त्याखालचे तापीचे खोरे पाहायचे, तर धरणापूर्वी सर्वेक्षण झालेला स्थलदर्शक नकाशा शोधावा लागतो.